ऑक्टाव्हिया आरएसला सहा गिअरचा मजबूत गिअरबॉक्स: बसतो, पण कोणता आणि कधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. गाडी २००६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो पेट्रोल, पाच गिअर. दोन वर्षांपूर्वी रिमॅप केलंत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवलीत, आता मोठा टर्बो बसवायचं मनात आहे. तिसऱ्यात जोर दिला की घरघर येते आणि दुसऱ्यात टाकताना कधीकधी कचकन वाजतं. भंगार बाजारात स्कोडाच्याच लॉरा डिझेलचा सहा गिअरचा गिअरबॉक्स स्वस्तात मिळतोय. तो बसेल का, आणि बसवावा का?

पहिल्याचं उत्तर, बसतो. दुसऱ्याचं उत्तर, तो बसवू नका. पण मला वाटतं तुमच्यासमोर खरा प्रश्न वेगळाच आहे. तुमचा आत्ताचा गिअरबॉक्स ताकद कमी पडली म्हणून कुरकुरतोय की वीस वर्षांच्या वापराने झिजलाय, हे अजून कुणी पाहिलेलंच नाही. झिजेमुळे कुरकुरत असेल तर अर्ध्याहून कमी पैशांत काम होतं. ताकदीमुळे असेल तर गिअरबॉक्स बदलून पुढची कडी तुटणार, आणि ती इंजिनात आहे.

मी छत्रपती संभाजीनगरला काम करतो. २००१ मध्ये ऑक्टाव्हिया भारतात आली आणि इथल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जाऊ लागली, तेव्हापासून ही गाडी माझ्या हाताखाली आहे. पुढे सांगतो त्यातला बराच भाग बाकावर उघडून पाहिलेला आहे, काही भाग हिशेबाचा आहे. हिशेब कुठे आहे ते त्या त्या ठिकाणी सांगीन.

आधी निदान. घरघर कोणत्या गिअरला येते हे पहिलं बघा. फक्त तिसऱ्यालाच येत असेल तर तिसऱ्याचे दाते किंवा त्या जोडीची सुई-बेअरिंग. सगळ्या गिअरना येते आणि न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत क्लच दाबला की बंद होते, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. गिअर कोणताही असो, वळणावर वाढते, एका बाजूला जास्त, तर आधी पुढच्या चाकाचं बेअरिंग तपासा, मग डिफरेन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच. चाकाच्या बेअरिंगचा आवाज गिअरबॉक्सचा समजून गिअरबॉक्स उतरवलेले लोक मी पाहिलेत. दोन दिवसांची मजुरी गेली आणि आवाज तसाच राहिला.

दुसऱ्याचा कचका बहुतेक वेळा पितळी सिंक्रो रिंगचा असतो, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्ही बाजूंचा वेग जुळवणाऱ्या कड्याचा. पण त्याआधी दोन स्वस्त गोष्टी बघा. एक, क्लच पूर्ण सुटतोय का. इंजिन चालू, गाडी उभी, क्लच दाबून पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तेव्हाही कचकलं तर क्लच ओढतोय, सिंक्रोचा दोष नाही. दोन, गिअरबॉक्सवर जिथे केबल येतात तिथले प्लास्टिकचे बुश. इतक्या वर्षांत ते अंडाकृती होतात आणि गिअर अर्धवट पडतो. बुशांची किंमत एका वेळच्या पेट्रोलइतकीही नाही.

मग ऑइल काढा. हे मी फोनवर विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. पाच गिअरवाल्यात साधारण दोन लिटर ऑइल बसतं. ते स्वच्छ पांढऱ्या ट्रेमध्ये काढा आणि उन्हात धरा. राखाडी चिखलासारखी लोखंडी भुकटी थोडी असणारच, ती चालते. सोनेरी चमक दिसली तर सिंक्रो. बोटाला टोचेल असा तुकडा निघाला तर गाडी त्याच दिवशी उभी करा.

तुकड्याचं कारण सांगतो. पाच गिअरच्या या गिअरबॉक्सला कंपनीच्या भाषेत ०२जे म्हणतात, आणि त्याच्या घराण्याचं नाव एमक्यू२५०. त्यातला २५० हा आकडा म्हणजे त्याला पेलण्यासाठी नेमलेला टॉर्क (फिरवण्याचा जोर), न्यूटन-मीटरमध्ये. त्याच्या डिफरेन्शियलचं मोठं क्राउन चाक पिंजऱ्याला बोल्टने नाही, रिव्हेटने जोडलेलं आहे. एक चाक खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर वेड्यासारखं फिरलं आणि एकदम पकड मिळाली की तो सगळा झटका या रिव्हेटवर येतो. असं वारंवार झालं की एखादी रिव्हेट सुटते.

माझ्याकडे एकदा टो करून आलेल्या गाडीचा गिअरबॉक्स बाकावर ठेवून हलवला तर आत खुळखुळा वाजल्यासारखा आवाज आला. उलटा केल्यावर रिव्हेटचं डोकं घरंगळत आलं, एक बाजू आरशासारखी घासलेली. केसिंगला आतून जिथे ते अडकलं होतं तिथे दोन रुपयांच्या नाण्याएवढं भोक पडलं होतं आणि कडांवर ॲल्युमिनियमच्या पाकळ्या बाहेर वळल्या होत्या. मालक म्हणाला, "गिअर तर शेवटपर्यंत मस्त पडत होते हो." बरोबरच होतं. गिअरांना काहीच झालं नव्हतं. सगळे दाते नव्यासारखे होते, मेला होता तो डिफरेन्शियल.

म्हणून "गिअरबॉक्स कमी पडतो" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, त्यातलं नेमकं काय?

आता ताकदीचा हिशेब बघू. तुमची आरएस भारतात १५० अश्वशक्ती आणि २१० न्यूटन-मीटरची आली. मूळ टर्बोवर नीट रिमॅप केलं की ती १९० अश्वशक्ती आणि २९० ते ३०० न्यूटन-मीटरच्या आसपास जाते. म्हणजे नेमलेल्या २५० पेक्षा तुम्ही आधीच वर आहात. तरी गिअरबॉक्स दोन वर्षं टिकला, कारण कंपनी आकडा ठरवताना हातचं राखते आणि रोजच्या चालवण्यात पूर्ण टॉर्क फार थोडा वेळ लागतो.

पूर्ण टॉर्क कोणत्या गिअरमध्ये खरोखर दातांवर येतो, हे समजणं महत्त्वाचं आहे. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.३० आणि क्राउन फिरवणाऱ्या शेवटच्या जोडीचं ३.९४. दोन्ही गुणले तर १३. तीनशेला तेराने गुणा, चाकांपर्यंत ३,९०० न्यूटन-मीटर. पुढच्या दोन टायरांची पकड एवढं घेऊच शकत नाही, ती चाकं फिरतात. म्हणजे पहिल्यात टायर फ्यूजचं काम करतात. तिसऱ्यात एकूण गुणोत्तर ५.१५, तिथे टायर आरामात धरतात, इंजिनाचा टॉर्क पूर्ण आत येतो आणि बूस्टही (टर्बोचा दाब) भरपूर वेळ टिकतो. दुसरा सगळ्यात वाईट, ७.६६. माझ्या हिशेबाने कोरड्या डांबरावर तिथे टायर सुटण्याच्या अगदी काठावर असतात, म्हणजे फ्यूज उडत नाही आणि भार मात्र जास्तीत जास्त. तिरक्या दातांच्या गिअरवर भार आला की ते एकमेकांना नुसतं फिरवत नाहीत, बाजूला ढकलतातही. दोन्ही शाफ्ट दूर जायला बघतात, केसिंग केसभर ताणलं जातं, दात कडेकडेने लागायला लागतात. तुमची तिसऱ्याची घरघर खरोखर दातांची असेल तर ती अशी सुरू झालेली असणार.

सहा गिअरचा जो खरा उपाय मानला जातो तो ०२एम, घराण्याचं नाव एमक्यू३५०. नावाप्रमाणेच ३५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला. युरोपात लिऑन कुप्रा आरसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना १.८ टर्बोबरोबर कंपनीनेच तो लावला होता, म्हणजे तुमच्या इंजिनाला तो परका नाही. त्याची रचना मला मनापासून आवडते. आडव्या इंजिनाच्या गाडीत गिअरबॉक्सला लांबी मिळत नाही, कारण एका बाजूला इंजिन आणि दुसऱ्या बाजूला चेसिसचा दांडा. गिअर रुंद केले तर ताकद येते, पण लांबी वाढते. पाच गिअरवाल्यात दोन शाफ्ट आहेत आणि पाचवा गिअर तर मुख्य केसिंगच्या बाहेर, टोकाच्या झाकणाखाली बसवावा लागलाय. ०२एममध्ये तीन शाफ्ट आहेत. एक इनपुट आणि दोन आउटपुट. पहिले चार गिअर एका आउटपुटवर, पाचवा, सहावा आणि रिव्हर्स दुसऱ्यावर, आणि दोन्ही शाफ्टांची पिनियनं एकाच क्राउनवर चालतात. त्यामुळे तेवढ्याच लांबीत गिअर रुंद करता आले.

याचा एक परिणाम कागदावर विचित्र दिसतो आणि लोक त्यावरून मला फोन करतात. पेट्रोल ०२एमचा चौथा १.०९८ आणि पाचवा १.१०८. पाचवा चौथ्यापेक्षा लहान गिअर कसा? तर चौथ्याची शेवटची जोडी ३.९४ ची आहे आणि पाचव्याची ३.०९ ची. गुणून बघा, चौथा ४.३२ आणि पाचवा ३.४२. म्हणून या गिअरबॉक्सची तुलना करताना नुसते गिअरचे आकडे कधीही बघू नका, प्रत्येक गिअर त्याच्या त्याच्या शेवटच्या जोडीने गुणा.

आणि इथेच लॉरा डिझेलचा गिअरबॉक्स नापास होतो. लॉराच्या २.० डिझेलला सहा गिअरचा ०२क्यू येतो, त्याच एमक्यू३५० घराण्यातला. ताकदीला उत्तम. पण डिझेल इंजिन साधारण साडेचार हजार फेऱ्यांच्या पुढे जात नाही, म्हणून त्याचे गिअर लांब ठेवलेत, म्हणजे त्याच वेगाला फेरे कमी पडतात. नेमके आकडे केसिंगवर कोरलेल्या तीन अक्षरी कोडवरून ठरतात, पण साधारण बोलायचं तर डिझेलचा तिसरा तुमच्या आत्ताच्या चौथ्याच्या जवळ पडतो आणि सहाव्याचं एकूण गुणोत्तर दोनच्या आसपास येतं. १०० च्या वेगाला सहाव्यात इंजिन जेमतेम १,८०० वर फिरेल. छोट्या टर्बोवर हे कसंबसं चाललं असतं. तुम्ही बसवणार असलेला मोठा टर्बो तीन हजारांच्या पुढे जागा होणार. कसारा घाटात सहाव्यात सोडा, पाचव्यातही गाडी ओढणार नाही. तुम्ही सतत खालचा गिअर शोधत राहाल आणि खालचा प्रत्येक गिअर पुढच्याच्या फार लांब असेल.

याशिवाय दोन अडचणी आहेत, ज्या भंगारवाला सांगणार नाही. लॉरा ही ऑक्टाव्हियानंतरच्या पिढीची गाडी. इंजिनाला जोडणारे बोल्ट जुळतात, म्हणूनच लोक "बसतो" म्हणतात. पण फाउंडेशन, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स गाडीला धरून ठेवणारा आधार, जिथे लागतं ते कान वेगळ्या जागी आहेत. ब्रॅकेट बनवून घ्यावं लागेल, आणि गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याने बनवलेल्या ब्रॅकेटवर इंजिनाचं अर्धं वजन टांगून समृद्धीवर १२० ने जायला मी कुणाला सांगणार नाही. दुसरी, स्पीडोमीटर. तुमच्या ऑक्टाव्हियात वेग गिअरबॉक्सवरच्या सेन्सरवरून मीटरला जातो. लॉरा वेग एबीएसकडून घेते, तिच्या गिअरबॉक्सला तो सेन्सरच नाही. मीटर मेला की किलोमीटरची नोंद बंद, आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरलाही वेग कळत नाही. यावर मार्ग काढलेले लोक आहेत, पण ते काम वायरिंगचा जाणकार माणूस हाताशी असेल तरच.

पेट्रोलचा ०२एम घेतला तर चित्र बदलतं. तुमच्या पाचव्याचं एकूण गुणोत्तर ३.३०, त्याच्या सहाव्याचं २.८७. तुमच्या २०५/५५ आर१६ टायरवर १०० च्या वेगाला आत्ता सुमारे २,८०० फेरे पडतात, ते २,४५० वर येतील. हायवेला हा फरक कानाला लगेच जाणवतो. खालचे गिअर मात्र थोडे आखूड होतात. दुसऱ्यात ६,५०० पर्यंत ओढलं तर आत्ता जवळपास ९९ चा वेग मिळतो, सहा गिअरवाल्यात ९२ च्या आसपास. म्हणजे शंभर गाठायला तिसरा टाकावाच लागेल. स्टॉपवॉच घेऊन बसणाऱ्यांना हे आवडत नाही. मला विचाराल तर घाटात जवळजवळ पडणारे गिअर त्या अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त सुख देतात.

आता सामानाबद्दल सविस्तर सांगतो, कारण हे काम अडकतं ते इथेच. नुसता गिअरबॉक्स आणून काही होत नाही. शक्य असेल तर सगळा संच एकाच गाडीचा घ्या, आणि ती गाडी चार सिलिंडरची, पुढच्या चाकांवर चालणारी, तुमच्याच पिढीची असू द्या.

फ्लायव्हील आणि क्लच बदलतात. सहा गिअरवाल्याची क्लचप्लेट २४० मिलिमीटरची, तुमची त्याहून लहान. फ्लायव्हील १.८ टर्बोचंच हवं. सहा सिलिंडरच्या व्हीआर६ चं फ्लायव्हील स्वस्त दिसलं तरी घेऊ नका, त्याला क्रँकवर दहा बोल्ट लागतात आणि तुमच्या क्रँकला सहा आहेत. क्लच ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर तुमच्या गाडीत गिअरबॉक्सच्या बाहेर आहे, दोन बोल्ट काढले की हातात येतो. ०२एममध्ये तो रिलीज बेअरिंगसकट आत, शाफ्टभोवती बसतो. तो नवाच घाला. हे इतकं ठामपणे सांगण्यामागे कारण आहे. माझ्या पहिल्या अशा कामात गिअरबॉक्ससोबत आलेला स्लेव्ह सिलिंडर कोरडा आणि स्वच्छ दिसला म्हणून तोच ठेवला. चारशे किलोमीटरवर तो गळला. क्लचचं आणि ब्रेकचं ऑइल या गाडीत एकाच डब्यातून जातं, त्यामुळे मालकाला आधी ब्रेकचा दिवा दिसला आणि पोटात गोळा आला. बेल हाउसिंगमध्ये (गिअरबॉक्सच्या क्लच झाकणाऱ्या भागात) ऑइल, नवी क्लचप्लेट भिजलेली, आणि पूर्ण गिअरबॉक्स पुन्हा खाली. ती मजुरी मी घेतली नाही.

स्टार्टर वेगळा लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला पातळ पत्राही वेगळा. हा पत्रा लोक विसरतात आणि मग स्टार्टर कुरकुरत का लागतो म्हणून रिंग गिअरला दोष देतात. गिअरबॉक्सच्या बाजूचं फाउंडेशनचं ब्रॅकेट वेगळं, खालच्या सबफ्रेमला धरणारी हाडासारखी जोडणी, जिला आपण डॉगबोन म्हणतो, तिचं ब्रॅकेट वेगळं. गिअर लिव्हरची पेटी, दोन्ही केबल आणि गिअरबॉक्सवरचा केबलचा आधार सहा गिअरवाल्या गाडीचा लागतो. जुन्या पेटीवर सहावा सापडत नाही.

ड्राइव्हशाफ्टचा मुद्दा मोजून सोडवा. तुमच्या आतल्या सीव्ही जॉइंटचा (शाफ्टच्या वळणाऱ्या सांध्याचा) फ्लँज १०० मिलिमीटरचा असतो, ०२एमला १०८ चा. डावा-उजवा दोन्ही शाफ्ट संचासोबत घेतले तर उत्तम, पण घेण्याआधी बाहेरच्या टोकाचे दाते तुमच्या हबशी जुळतात का ते मोजून बघा. फोटोवर विश्वास ठेवू नका.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीचा ०२एम. ऑडी टीटी २२५ किंवा जुन्या एस३ चा गिअरबॉक्स बाजारात स्वस्त असतो, कारण त्याला गिऱ्हाईक कमी. त्यातून मागच्या चाकांसाठी ताकद बाहेर काढलेली असते. तो पुढच्या चाकांच्या गाडीला लावायचा तर डिफरेन्शियल बदलून ते तोंड बंद करावं लागतं. गिअरबॉक्स उघडणारच असाल आणि आत नवा डिफरेन्शियल घालणारच असाल तर एक वेळ चालेल, तयार बसवायचा असेल तर नाही. विकणाऱ्याला कोडचा स्पष्ट फोटो मागा. कोड द्यायला टाळाटाळ केली तर तिथेच सोडून द्या.

पैशांचा नेमका आकडा मी देत नाही, कारण परदेशातून सामान कसं येतं त्यावर सगळं अवलंबून आहे. पण एक अंदाज गेल्या कामांवरून सांगतो. गिअरबॉक्सला जेवढे मोजाल तेवढेच बाकीच्या सामानाला आणि मजुरीला बाजूला ठेवा. हे ऐकून बरेच जण मागे फिरतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे परत येतो. तुम्ही ३०० न्यूटन-मीटरवरच थांबणार असाल, मोठ्या टर्बोचा विचार नुसता मनात असेल, तर मी तुमच्या जागी आत्ताचाच गिअरबॉक्स उघडीन. सगळी बेअरिंग नवी, दुसऱ्या-तिसऱ्याच्या सिंक्रो रिंग नव्या, रिव्हेट ड्रिल करून त्या जागी बोल्टचा संच, आणि खिसा परवानगी देत असेल तर एलएसडी, म्हणजे एक चाक मोकळं फिरू न देणारा डिफरेन्शियल. पुढच्या चाकांच्या टर्बो गाडीत या शेवटच्या गोष्टीने जो फरक पडतो तो सहाव्या गिअरने पडत नाही. वळणातून बाहेर येताना आतलं चाक फिरत बसत नाही, गाडी पुढे खेचली जाते. स्टिअरिंग हातात थोडं झगडतं, त्याची सवय करावी लागते. असा तयार केलेला ०२जे ३०० न्यूटन-मीटरवर वर्षानुवर्षं चालतो, अट एकच, सिग्नलला क्लच सोडून उड्या मारायच्या नाहीत.

मोठा टर्बो नक्की असेल आणि ३५० च्या पुढे जायचं असेल तर ०२एम हाच मार्ग, पेट्रोलचा, पुढच्या चाकांचा. पण त्याआधी कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे. या इंजिनाचे मूळ रॉड बारीक आहेत. उंच फेऱ्यांना ते बराच भार घेतात, पण कमी फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये एकदम पूर्ण बूस्ट आला की वाकतात. वाकलेला रॉड लगेच ओरडत नाही. इंजिन नुसतं थोडं थरथरतं, एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी दिसतं, आणि काही महिन्यांनी तो ब्लॉक फोडून बाहेर येतो. आत्ता तुमचा क्लच किंवा टायर थोडा घसरून हा झटका खातोय. मजबूत क्लच, मजबूत गिअरबॉक्स आणि लांब गिअर दिलात की तो झटका सरळ रॉडवर जाईल. डिझेलचा गिअरबॉक्स नको म्हणण्यामागे माझं हेही एक कारण आहे. लांब सहावा गिअर, फेरे १,८००, पाय दाबलेला, ही रॉड वाकवायची अगदी सोपी पद्धत आहे. म्हणून क्रम असा ठेवा: रॉड, मग गिअरबॉक्स आणि क्लच, मग टर्बो, आणि शेवटी ट्यूनिंग. ट्यूनिंग करणाऱ्याला कमी फेऱ्यांवरचा टॉर्क दाबून ठेवायला सांगा.

कागदपत्रांचंही बघा. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. गिअरबॉक्स आरसीवर लिहिलेला नसतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण मोठा टर्बो आणि वाढवलेली ताकद लपत नाही. तुमची गाडी पंधरा वर्षांच्या पुढे गेलीय, म्हणजे दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी तिला आरटीओसमोर उभं करावं लागणार. काम हातात घेण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेयरला हे कळण्यापेक्षा आधी तुम्हीच सांगितलेलं बरं. आणि रस्त्यावर शर्यती लावायचा विचार असेल तर माझ्या गॅरेजमध्ये ती गाडी मी घेत नाही.

हे काम स्वतः करणार असाल तर आणखी थोडं. ०२एम वजनाला तुमच्या गिअरबॉक्सपेक्षा बराच जड आहे, पोटावर घेऊन बसवायचा प्रयत्न करू नका, गिअरबॉक्सचा जॅक भाड्याने आणा. इंजिन वरून आधाराच्या दांड्याने टांगा, खालून ऑइलच्या चेंबरला लाकडाचा ठोकळा देऊन नको. गिअरबॉक्स इंजिनावर सरकवताना शेवटची दोन बोटं जागा राहिली की हाताने हलवत बसवा, बोल्ट आवळून ओढून घेऊ नका. क्लचप्लेट मध्यावर नसेल तर शाफ्ट अडकतो आणि बोल्टने ओढलं की बेल हाउसिंगचा कान तुटतो. तो कान पुन्हा वेल्ड होत नाही, झाला तरी टिकत नाही.

ऑइल जीएल-४ दर्जाचंच घाला, ०२एममध्ये साधारण २.३ लिटर. दुकानदार जीएल-५ जास्त चांगलं म्हणून देईल. त्यातली रसायनं दातांना चांगली असतात, पितळी सिंक्रोला नाहीत. ऑइल भरलं की गाडी जॅकवर ठेवून, चाकं मोकळी, सहाही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा आणि आतल्या सीव्ही जॉइंटजवळ कान लावा. मग पहिले हजार किलोमीटर अर्ध्या ताकदीने चालवा. नवी क्लचप्लेट बसायला तेवढं लागतंच. हजाराला ऑइल पुन्हा काढा, त्याच पांढऱ्या ट्रेमध्ये.

पण तो पुढचा भाग झाला. या रविवारी फक्त आत्ताच्या गिअरबॉक्सचं ऑइल काढा, उन्हात धरा, आणि त्याचा फोटो केसिंगवरच्या तीन अक्षरी कोडसकट पाठवा. भंगारवाल्याला तोपर्यंत पैसे देऊ नका.